ऑल्गा टेलिस खटला

मुंबईतील फुटपाथवरच्या झोपड्यांवरून उद्भवलेला खटला. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील ‘जीवित’ या शब्दात उपजीविकाही येते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने यात लावला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी एकमताने निकाल दिला.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही रहिवासी न्यायालयात गेले. निकालपत्रात त्यांतले दोघे जवळून दिसतात. एक तामिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळामुळे १९६१ मध्ये आलेला. पश्चिम द्रुतगती मार्गालगत प्लास्टिकच्या आडोशासाठी त्याच्याकडून झोपडीदादाने अडीच हजार रुपये उकळले. दुसरा संगमनेरचा चांभार, मुंबईत बदली कामगार. तुळशीवाडीच्या फुटपाथवरील जागेसाठी त्याने गुंडाला ३०० रुपये मोजले आणि बांबू-प्लास्टिकवर ७०० घातले. म्हणजे फुटपाथही फुकट नव्हताच. २३ जुलैला, ऐन पावसात, सेलमच्या मजुराची झोपडी पाडून त्याला कुटुंबासह बसमध्ये बसवून दिले. बायको आणि मुली गावी राहिल्या. तो कामासाठी परत मुंबईत, पुन्हा फुटपाथवरच.

याच परतण्यावर न्यायालयाचा युक्तिवाद उभा आहे. माणूस कामाच्या जवळ राहतो. निवारा मोडला की काम जाते, काम गेले की जगणेच जाते. जोडीला मार्गदर्शक तत्त्वांतील अनुच्छेद ३९(क) (उपजीविकेचे पुरेसे साधन) आणि ४१ (कामाचा हक्क) घेतले. ही तत्त्वे न्यायालयामार्फत थेट बजावता येत नाहीत, पण मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना ती दिवा धरतात. फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असे फुटपाथवासीयांनी उच्च न्यायालयात कबूल केले होते. ती कबुली त्यांच्या आड येत नाही, कारण मूलभूत हक्क कोणालाही सोडून देता येत नाहीत, हेही येथेच ठरले.

वाट मात्र आधी मोकळी झाली होती. गोपालन खटल्यात (१९५०) जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावताना कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती पाळली की पुरे, असे धरले गेले होते. मनेका गांधी खटल्यापासून (१९७८) ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असावी लागते.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ नुसार आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण हटवता येते. न्यायालयाने कलम रद्द केले नाही, त्याचे वाचन बदलले: ‘हटवता येते’ म्हणजे तसेच हटवले पाहिजे असे नव्हे, नोटीस हा नियम, बिननोटीस कारवाई हा अपवाद. मग आयुक्तांनी आता सुनावणी घ्यायची का? न्यायालयाचे उत्तर: नाही, कारण म्हणणे मांडण्याची नाकारलेली संधी आम्हीच भरपूर दिली. निकालातली ही जागा खटकते. हक्क मान्य झाला. पण फुटपाथ चालण्यासाठी आहेत म्हणून झोपड्या जाणेही मान्य झाले.

१९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्या झोपडपट्टीवासीयांना पर्यायी जागा देण्याचा आदेश झाला. त्या गणनेत मोजलेल्या फुटपाथवासीयांनाही जागा द्यायची होती, पण हटवण्यापूर्वी ती दिलीच पाहिजे, अशी अट घातली नाही. पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या पाडू नयेत एवढी मुदत मिळाली.