चर्च-ऐक्य, उत्तर भारतातील

चर्च-ऐक्य, उत्तर भारतातील : वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एका चर्चमध्ये विलीन करण्याची चळवळ. तिची परिणती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सीएनआय) स्थापनेत झाली. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील), युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल), बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलेशियन मेथडिस्ट अशी सहा चर्चे त्यात आली. अमेरिकन वळणाचे मेथडिस्ट चर्च मात्र वाटाघाटींत राहूनही त्याच वर्षी बाहेर पडले.

चळवळीचा आरंभ सामान्यतः १९२९ च्या लखनौ परिषदेपासून धरतात. काही अभ्यासक तो १९१९ च्या तरंगंबाडी (ट्रांकेबार) निवेदनापर्यंत मागे नेतात. परंतु त्या निवेदनाचा रोख दक्षिणेकडे होता व त्याचे फलित म्हणजे १९४७ चे चर्च ऑफ साउथ इंडिया. मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेण्याच्या जुन्या रिवाजात मूळ शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. या वाटणीने भांडणे टळत, पण नवख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या जिल्ह्यावरून ठरे. उदाहरणार्थ, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते. सुमारे १८७० नंतर तेथे अँग्लिकन मिशन आले आणि हा संकेत ढळला. अमेरिकन मिशनशी निगडित असलेले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्यांनाही जागा होती.

खरा पेच पाळकांच्या दीक्षेचा होता. प्रेषितांपासून (ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांपासून) चालत आलेल्या बिशप-परंपरेतली, म्हणजे वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी दिलेली, दीक्षाच पूर्ण, असे अनेक अँग्लिकन मानत. इतरांना आपली दीक्षा अपुरी ठरणे मान्य नव्हते. (खुद्द अँग्लिकन दीक्षा रोमने १८९६ मध्ये निरर्थक ठरवली होती, हे येथे आठवावे.) दक्षिणेत आहेत ते पाळक तसेच स्वीकारले गेले आणि पुढच्या दीक्षा बिशपांकडे सोपवल्या. उत्तरेने आरंभीच सर्व परंपरांच्या प्रतिनिधींवर परस्परांनी हात ठेवण्याचा विधी योजला. ही पुनर्दीक्षा की केवळ प्रार्थना, हे मुद्दाम मोघम ठेवले होते. टीकाकारांनी याला शब्दच्छल म्हटले. तरी या मोघमपणावाचून एकीकरण घडले असते असे दिसत नाही.

बाप्तिस्म्याबाबत बालकांचा आणि सज्ञान श्रद्धावंतांचा असे दोन्ही प्रकार मान्य झाले. बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने पुन्हा मागितला तर काय, हा प्रश्न अवघड राहिला.

रोमन कॅथलिक चर्च (वसई-गोव्यातील बहुसंख्य ख्रिस्ती याचेच) या वाटाघाटींत नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशानंतर त्याचा अन्य पंथांशी संवाद वाढला. प्रभुभोजनाची (भाकर व द्राक्षरसाच्या उपासना-विधीची) पंगत मात्र वेगळीच राहिली.

मालमत्तेचे वाद न्यायालयांत गेले. गुजरातमधील ब्रदरेन चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला, की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता आपोआप सीएनआयकडे जात नाही.