रोरी गॅलहर: रंग उडालेल्या गिटारची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात १९६१ सालची एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार ८ लाख ८९ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली आणि पुढे आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आली. तिच्यावरचा रंग जवळजवळ सगळा उडालेला, खालचं लाकूड उघडं पडलेलं. ही आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलहरची गिटार.

१९६३ मध्ये पंधरा वर्षांच्या रोरीने ती आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या क्राउलींच्या दुकानातून घेतली. किंमत सुमारे १०० पौंड, तीही हप्त्यांनी. त्या काळी आयर्लंडमध्ये वाद्यावर पोट भरायचं तर शोबँडमध्ये शिरावं लागे: सगळ्यांचे सूट एकसारखे आणि नाचाच्या हॉलमध्ये इतरांची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवायची. रोरीनेही ते केलं. पण अमेरिकन लष्कराच्या रेडिओवर ऐकलेला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, डोक्यातून जाईना. १९६६ मध्ये त्याने ‘टेस्ट’ हा स्वतःचा बँड उभा केला. इंग्लंडमधल्या १९७० च्या आइल ऑफ वाइट संगीत महोत्सवानंतर तो लवकरच फुटला आणि रोरी स्वतःच्या नावावर वाजवू लागला. पुढच्याच वर्षी ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला पहिल्या क्रमांकाचा गिटारवादक ठरवलं. खुद्द अमेरिकन ब्लूजचा दिग्गज मडी वॉटर्सच्या लंडनमधल्या ध्वनिमुद्रणातही त्याने साथ केली.

ब्रिटनमध्ये सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या तबकड्या, काढायला त्याने ठाम नकार दिला. त्याचा जीव मैफलीत होता. उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्बस्फोट चालू असताना बाहेरचे बहुतेक बँड बेलफास्ट टाळत. रोरी मात्र तिथल्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवायला येतच राहिला, आणि एरवी एकमेकांच्या वस्तीत पाऊल न टाकणारी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोरं तिथे खांद्याला खांदा लावून त्याला ऐकत. त्याच्या कोणत्याही सोलोपेक्षा मला हे मोठं वाटतं. १९७४ च्या आयर्लंड दौऱ्यातलं वादन ऐकलं की हॉलमधली ती ऊब आजही जाणवते.

यकृताच्या प्रत्यारोपणानंतर झालेल्या संसर्गाने १४ जून १९९५ रोजी लंडनमध्ये तो गेला. वय अवघं ४७.

त्याचं ऋण मानणारे स्लॅश, जॉनी मार असे गिटारवादक बरेच आहेत. पुढे क्वीन बँडचा गिटारवादक झालेला ब्रायन मे तर कोवळ्या वयात लंडनच्या मार्की क्लबमध्ये कार्यक्रमानंतर थेट त्यालाच गाठून विचारता झाला, हा आवाज काढतोस कसा? रोरीने काही हातचं न राखता सांगितलं: व्हॉक्स एसी-३० अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला छोटा ट्रेबल बूस्टर, म्हणजे आवाजातले उंच सूर उठावदार करणारं उपकरण. मेने लगेच तीच जोडी मिळवली, आणि क्वीनचा गिटारचा आवाज तिच्यावरच उभा राहिला.