दोनापावलाचे जोडशिल्प

दोनापावलाचे जोडशिल्प (‘इमेज ऑफ इंडिया’) : गोव्यात पणजीपासून सुमारे ७ किमी अंतरावर, दोनापावलाच्या धक्क्यालगत खडकावर उभारलेले स्त्री-पुरुषाचे पांढरे शिल्प. जर्मन शिल्पकार यर्सा फॉन लाइस्टनर (१९१७–२००८) यांनी ते १९६९ मध्ये घडवले. गोवामुक्तीला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. शिल्पाचे मूळ नाव ‘इमेज ऑफ इंडिया’, म्हणजे भारताची प्रतिमा. पण ते नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. धक्क्यावर येणाऱ्या बहुतेकांच्या लेखी हा दोना पावला आणि तिच्या प्रियकराचा पुतळा असतो.

ही समजूत का रुजली, हे कळायला गावाची दंतकथा माहीत हवी. पावला नावाच्या पोर्तुगीज तरुणीचे गास्पार दियश या कोळ्यावर प्रेम जडले, घरच्यांनी लग्नाला नकार दिला आणि तिने कड्यावरून समुद्रात उडी घेतली, अशी ती कथा. मराठी कानाला गावाचे नाव ‘दोन पावले’ असे ऐकू येते. प्रत्यक्षात ‘दोना’ ही पोर्तुगीज भाषेतील कुलीन स्त्रीच्या नावाआधी लावायची उपाधी आहे. ऐतिहासिक पावला सतराव्या शतकातील. तिचे लग्न सोतो मायोर या घराण्यात झाले होते. ओडावेल या गावाला पुढे तिचे नाव मिळाले, ते तिने गावकऱ्यांना केलेल्या मदतीमुळे असे सांगतात. तिची समाधिशिला काबो येथील राज्यपालांच्या निवासस्थानाच्या चॅपेलमध्ये आहे. म्हणजे कथेतील अविवाहित, जीव दिलेली पावला आणि इतिहासातील पावला यांचा मेळ बसत नाही. गास्पार दियश हे तर जवळच्याच मिरामार किनाऱ्याचे जुने नाव. तिथे त्याच नावाचा किल्लाही होता. शेजारच्या दोन गावनावांची लोकांनी मनोमन जोडी लावून दिली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. त्यात १९८१ च्या ‘एक दुजे के लिए’ या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण इथे झाले. त्याही कथेचा शेवट प्रेमिकांच्या मृत्यूत होतो. मग या जोडीला दुसरी ओळख उरलीच नाही.

शिल्पाकडे नीट पाहिले तर मात्र ते वेगळेच काही सांगते. ही दोघे एकमेकांकडे पाहत नाहीत. एक पूर्वेकडे पाहतो, दुसरी पश्चिमेकडे, असा अर्थ सहसा सांगितला जातो; भारतमाता आणि तरुण भारत अशीही ओळख दिली जाते. प्रेमशिल्पाची रचना सहसा आत वळलेली असते. फ्रेंच शिल्पकार ऑगस्त रोदँच्या ‘द किस’मध्ये दोन देह एकमेकांत इतके गुंतले आहेत, की पाहणाऱ्याला जणू जागाच उरत नाही. इथे रचना बाहेर उघडते. दोन नजरा दोन दिशांना जातात आणि पाहणाराही त्यांच्या मागोमाग समुद्राकडे वळतो. म्हणून हे शिल्प समोरून फोटो काढून निघून जाण्यासारखे नाही. त्याला वळसा घालावा, एकदा पुरुषाच्या बाजूने आणि एकदा स्त्रीच्या बाजूने थांबावे. तपशील मोजके आहेत, चेहरे साधे आहेत. लांबून, पाण्यावरून पाहणाऱ्याला आकार कळावा यासाठी ते सोयीचेच ठरते.

जागेची निवड हा या कलाकृतीचा अर्धा प्राण आहे. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांची मुखे या टोकाच्या दोन्ही अंगांना अरबी समुद्राला मिळतात. पलीकडे मुरगाव बंदर दिसते. साडेचारशे वर्षे ज्या समुद्रातून परकी सत्तेची जहाजे आली, त्याच्याच काठावर नव्याने भारतात आलेल्या प्रदेशात एका युरोपीय स्त्रीने भारताची प्रतिमा उभी करावी, ही गोष्ट प्रेमकथेपेक्षा कमी हृद्य नाही. काळसर खडकावरचा पांढरा रंग दुपारी डोळे दिपवतो. सूर्य कलला की तोच मवाळ होतो आणि दोन्ही आकृती एकसंध दिसू लागतात. पाहायचे तर त्या वेळी पाहावे.

पणजीत आणखी एक प्रसिद्ध स्त्री-पुरुष शिल्प आहे : जुन्या सचिवालयाजवळचा आबे फारिया यांचा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला ब्राँझचा पुतळा (१९४५). कांदोळीत जन्मलेले फारिया (१७५६–१८१९) संमोहनविद्येचे आद्य अभ्यासक. त्यांचे पसरलेले हात आणि समोर कलंडलेली स्त्री पाहून नवख्याला तो हल्ला वाटतो. खरे तर ती संमोहित अवस्थेत आहे. दोन्ही शिल्पांची गत सारखीच : नाव वाचले नाही की अर्थ उलटा लागतो. कामतांच्या पुतळ्याला निदान फारियांचे चरित्र सांगणारे गोव्यात पुष्कळ आहेत. लाइस्टनर यांचे नाव मात्र त्यांच्याच शिल्पासमोर रोज शेकडो छायाचित्रे निघत असताना क्वचितच कोणी घेते.