बडोद्याची पेन्शनर मंडळी आणि ‘मोडलेलं’ एकत्र कुटुंब

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत आता अनेकदा दोनच म्हातारी माणसं असतात, काही घरांत तर एकटी आजी. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कॅनडात. त्यावर नातेवाईक आणि शेजारी लगेच निकाल देतात: एकत्र कुटुंब मोडलं, मुलं बदलली. हा निकाल घाईचा आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि तो तपासून पाहणारं मोलाचं काम याच शहरातल्या अभ्यासकांनी करून ठेवलं आहे.

१९५१ साली एम. एन. श्रीनिवास इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. आय. पी. देसाई तिथेच शिकवत, ए. एम. शहा तिथेच शिकले. देसाईंनी सौराष्ट्रातल्या महुवा इथली कुटुंबं अभ्यासली. चुली वेगळ्या झाल्या तरी मालमत्ता, देणंघेणं, लग्नकार्य, आजारपण यांतली बांधिलकी टिकून राहते, हे त्यांनी दाखवलं. शहांनी त्याही मागची समजूत खोडून काढली: पूर्वी घरोघरी मोठी एकत्र कुटुंबं नांदत होती, ही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशाचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. बालमृत्यूंमुळे तो आकडा इतका खाली दिसतो हे खरं, पण साठी गाठणारे थोडेच असत हेही खरं. आज आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. आजी, सून आणि नात वर्षानुवर्षं एकाच वेळी हयात असणं हा अनुभव आता कुठे सर्रास झाला आहे.

त्यात बडोद्याची मराठी घरं मुळातच चाकरीची. अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग शिपाई, कारकून, पुरोहित इथे आले, तेव्हा त्यांचेही वडीलधारे मागे गावीच राहिले असणार. नोकरीसाठी दूर जाणारा मुलगा या घराण्यांना नवा नाही. नवं आहे ते मागे राहिलेल्यांचं लांबलेलं आयुष्य.

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला. दरबारची चाकरी गेली. तिच्या जागी विद्यापीठ, रेल्वे, बँक, सरकारी कचेरी आणि साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी आली. सरकारी नोकरी केलेला माणूस पेन्शनीत निघाला की दरमहा स्वतःचा पैसा हातात येई. माझ्या मते इथल्या मराठी म्हातारपणाचा खरा कणा हाच. नातवाला खाऊ, औषधाचं बिल, लग्नातला आहेर यांसाठी मुलापुढे हात पसरावा लागत नसे, म्हणून घरात शब्दाला वजन राही. बाईचं मात्र वेगळं. नवरा वयाने बराच मोठा, त्यामुळे वैधव्य बहुधा तिच्याच वाट्याला. आयुष्यभर घर ओढून तिच्या नावावर येई ती नवऱ्यामागची फॅमिली पेन्शन, तीही त्याची नोकरी तशी असेल तरच. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत आलेल्या बायकांकडे पाहिलं की हा इतिहास समोर उभा राहतो.

हा आधार आता आटतो आहे. सैन्यदलं सोडून केंद्राच्या नोकरीत जानेवारी २००४ पासून लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली. खासगी कारखान्यांतल्या कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधीची योजना आहे. तिच्यातल्या किमान पेन्शनचा आकडा २०१४ मध्ये ठरला तो महिना १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा वय ऐंशीच्या आत असेल तर महिना २०० रुपये, ऐंशीपुढे ५००.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला, न्यायाधिकरणं नेमली, निर्वाहखर्चाची मर्यादा महिना १०,००० रुपये ठेवली. सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळलं नाही तर परत मिळवण्याची सोय केली. प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाचीही तरतूद केली, पण निराधारांसाठी. रात्री न्हाणीघरात पाय घसरलेल्या पेन्शनरचा मुलगा नाकारणारा नसतो, रोज फोन करणारा असतो. आणि तो पेन्शनर निराधारही नसतो. त्याला उचलायला कोण येणार, याचं उत्तर त्या कायद्यात नाही.