बीपी नॉर्मल आहे, मग ही गोळी कशाला?

लिव्हर सिरॉसिसच्या (यकृत निबर, कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या चिठ्ठीवर प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल दिसलं की घरचे म्हणतात, "ही तर बीपीची गोळी, यांचं बीपी तर नॉर्मल!" आणि गोळी बंद होते. हा गैरसमज जिवावर बेततो. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब वेगळा. इथे वाढलेला असतो आतड्यांकडून यकृतात रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला. रक्त तुंबून अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. फुटल्या तर भळाभळा रक्ताची उलटी. ही गोळी हृदयाचा जोर कमी करते, पोटातल्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे तिकडचा ओघ घटतो. पॅरिसच्या डॉक्टरांनी हे १९८० च्या सुमारास दाखवलं. बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली गेला, तर डोस कमी करायचा की थांबवायचा ते डॉक्टर ठरवतील. चक्कर येते म्हणून परस्पर सोडू नका, आधी त्यांना फोन करा.