गणपती दूध प्यायला आणि देवाला कोणी बनवलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हो

रविवारी सकाळी घरी पोहे-जलेबी चालली होती (इंदूरात रविवार दुसऱ्या कशाने सुरूच होत नाही) आणि भाच्याने मधेच विचारलं, आजी, सगळं देवाने बनवलं तर देवाला कोणी बनवलं? आई जरा थांबली, मग म्हणाली, असं विचारू नये बाळा, देव आहे, ९५ साली गणपती दूध प्यायला ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. झालं! पोराने विचारलं एक, उत्तर मिळालं भलत्याचंच. पण आईला काय हसायचं, चांगली शिकलेली माणसं, आस्तिक पण आणि नास्तिक पण, हाच घोळ घालतात.

अलौकिक काही असतं का, हा पहिला प्रश्न. त्याचं बरंय, कारण कोणी म्हणालं अमुक देवळात चमत्कार झाला तर तो याच जगात झाला ना, मग जाऊन बघता येतं. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीला दूध पाजायला देशभर रांगा लागल्या होत्या, तेव्हा सरकारी शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या एका देवळात दुधात रंग टाकला आणि ते मूर्तीवरून खाली ओघळताना दिसलं. चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध कडेवरून ओढलं जातं आणि पातळ थराने खाली उतरतं, ओल्या पांढऱ्या दगडावर पांढरं दूध कोणाला दिसणार. मी घरच्या संगमरवरी गणपतीवर हळद घालून करून बघितलं, पोटावरून पिवळी रेघ आली आणि आई म्हणाली आता तूच आंघोळ घाल त्याला. जेम्स रँडी नावाचे जादूगार होते, त्यांनी तर अलौकिक शक्ती दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते, २०१५ ला ते आव्हान बंद होईपर्यंत कोणीच ते नेले नाहीत. यावरून जगात कुठेच काही नाही असं सिद्ध होत नाही, पण ज्याने दावा केला त्याने दाखवावं, इतकं साधं आहे हे.

दुसऱ्या प्रश्नाला कॅमेरा लावता येत नाही. तिथे बघायचं ते वाक्यात लपलेल्या नियमाकडे. प्रत्येक गोष्टीला बनवणारा लागतो असं तुम्ही म्हणालात की देवाला पण लागला, मग त्याच्या बनवणाऱ्याला, मग त्याच्याही... राजवाडा होळकरांनी बांधला, होळकरांना कोणी, असं करत थांबायचं कुठे? आपल्या तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात, म्हणजे ही अडचण काही आजच्या पोरांनी काढलेली नाहीये. आस्तिक मग नियम बदलतात की ज्याला सुरुवात आहे त्यालाच कर्ता लागतो, देव अनादि आहे. ही पळवाट नाही, बरोबर आहे तसं म्हणणं, फक्त मग समोरचा म्हणणार की जगच अनादि का नको? जैन हेच म्हणतात, मीमांसकांना पण जग बनवणारा ईश्वर लागत नाही, आणि ते तर पक्के वेद मानणारे! बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९२७ च्या भाषणात सांगितलंय की अठराव्या वर्षी हाच प्रश्न वाचून त्याचा आदिकारणावरचा (म्हणजे सगळ्याचं एक पहिलं कारण असतंच, यावरचा) विश्वास उडाला. पण लक्षात घ्या, उडाला तो एक युक्तिवाद, देव नाही हे त्याने सिद्ध होत नाही.

आणि उलटं पण तसंच. समजा उद्या कोणी आदिकारण सिद्ध केलंच, तरी आमच्या इंदूरच्या खजराना गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढला की मन्नत पूर्ण होते हे त्यातून निघत नाही, ते वेगळं तपासावं लागेल. आणि दुधाचं कोडं सुटलं म्हणून वेदान्त्याचं ब्रह्म पण गेलं असं नाही, ते चमच्यातलं दूध प्यायला आलंच नव्हतं. मला तर वाटतं आपली निम्मी भांडणं इथेच सुरू होतात, एक जण भुताबद्दल बोलतो आणि दुसरा ब्रह्माबद्दल.

हा प्रश्न विचारणं पाप आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त बघावं, दहाव्या मंडळातलं १२९ वं. त्यात म्हटलंय की देव सृष्टीच्या नंतरचे, मग ही कुठून आली हे कोण जाणे, आणि शेवटी तर जो वरून बघतो त्यालाही माहीत असेल किंवा नसेल.

भाच्याला हे सगळं कुठे सांगणार, तर मी आपला नैयायिकांचा (म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचा) कुंभार काढला, मडकं आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग आहे म्हणजे ईश्वर. त्याने उरलेली जलेबी संपवली आणि म्हणाला, मामा, पण माती कोणी केली? नैयायिकांकडे याचं उत्तर आहे, परमाणू नित्य आहेत, ईश्वर ते बनवत नाही, फक्त जोडतो. मी तेवढं सांगितलं. आता तो आजीकडे गेलाय, परमाणू नित्य म्हणजे काय ते विचारायला.