डग्गा कुठे हरवला?

गेल्या दिवाळीत आम्ही हॉलसाठी स्पीकरची जोडी आणली. वीतभर उंचीची, अक्रोडी रंगाची, शोकेसशी अगदी मिळतीजुळती. दुकानात ऐकताना आवाज भरदार वाटला होता. घरी आल्यावर मधल्या कप्प्यात, समई आणि पुस्तकांच्या शेजारी ते बसवले आणि नेहमीचा विलंबित ख्याल लावला. गायक होता, तानपुरा होता, तबल्याची चाट टकटकीत वाजत होती. डग्गा मात्र नव्हता. ठोका पडलेला कळायचा, पण मनगट दाबून सूर वर खेचताना जो घुमार पोटात जाणवतो, तो नव्हता.

दुकानात हे कसं लक्षात आलं नाही? याचं उत्तर 1994 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सापडतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हर्मन या कंपनीतल्या 40 कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले. एकदा स्पीकर पडद्याआड होते, एकदा समोर. त्यांत एक स्वस्त, छोट्या प्लास्टिकच्या डब्यांचा संच होता. पडद्याआड असताना त्याने मोठ्या देखण्या स्पीकरांच्या बरोबरीने गुण मिळवले. तोच संच डोळ्यांना दिसू लागल्यावर त्याचे गुण घसरले आणि मोठ्यांचे वाढले. मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, आणि पडद्याआडून तो फरक लोकांना कळत होता. स्पीकर समोर दिसत असताना तोच फरक त्यांच्या गुणांत फारसा उमटेना. हे लोक ध्वनीच्याच धंद्यातले होते. डोळा कानाला इतका फिरवत असेल, तर दुकानात मी डग्गा ऐकला की अक्रोडी रंग, हे मला आज सांगता येणार नाही.

आता स्पीकरच्या पेटीच्या आकाराकडे वळू. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण 138 हर्ट्झचा (सेकंदाला 138 कंपनांचा) असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे 69 हर्ट्झवर. स्पीकरचा कोन, म्हणजे समोरचा शंकूसारखा भाग, पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच जोराच्या आवाजासाठी त्याला चौपट हवा हलवावी लागते. चार इंची कोन किती हलणार? शिवाय पेटी लहान असली की आत कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगसारखी कोनाला अडवते. जोसेफ हॉफमन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी पदरात पडतात.

मग तानपुरा कसा ऐकू येत होता? तिथे मेंदू मदतीला येतो. जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकेच घासत असल्यामुळे, तानपुऱ्याच्या तारेतून 69 च्या पटीतले अनेक स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे वरचे सूर, निघतात. ते कानावर पडले की न वाजलेला मूळ खर्ज मेंदू स्वतःच भरून काढतो. डग्ग्याचा घुमार मात्र बराचसा तळाच्या एकाच स्वरावर उभा असतो. तो स्पीकरने गाळला, तर भरून काढायला हाताशी फार काही उरत नाही.

म्हणून देखणेपण सोडून द्यावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. हॉल रोज डोळ्यांसमोर असतो आणि तिथे काळं खोकं नको वाटणं रास्तच आहे. कधीकधी तर आवाजाची अडचणच सुंदर वस्तू घडवते. 1956 साली जर्मनीच्या ब्राउन कंपनीसाठी डिटर राम्स आणि हान्स गुगेलोट यांनी रेडिओ-रेकॉर्डप्लेअरचा एसके 4 नावाचा संच रचला. त्याला आधी पत्र्याचं झाकण होतं, पण आवाज वाढवला की ते थरथरायचं. म्हणून पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण आलं. लोकांनी त्या संचाला ‘हिमगौरीची शवपेटी’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे कितीतरी रेकॉर्डप्लेअरांवर तसलंच झाकण दिसू लागलं. पेटीच्या गोलसर कडाही अशाच दोन्हीकडून फायद्याच्या: धारदार काठावर ध्वनिलहरी नव्याने पसरतात आणि मूळ आवाजात मिसळून तो खडबडीत करतात. लाकडाचा रंग मात्र हवा तो निवडा, कानाला त्याचं काही नाही.

जागेचं तसं नाही. आमची निम्मी चूक शोकेसमध्ये होती. त्या स्पीकरांना मागच्या बाजूला हवेसाठी भोक आहे आणि ते फळीला जवळजवळ टेकलं होतं. कप्प्याची पोकळी स्वतःच्या सुरात घुमत होती, त्यामुळे गायकाचा आवाज पिंपातून आल्यासारखा व्हायचा. काचा किणकिणायच्या, ते वेगळंच. स्पीकर बाहेर काढून, कानाच्या उंचीला येतील अशा लाकडी स्टँडवर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवले. पहिल्याच आलापात गायक मोकळा झाला.

खोलीचं सामानही ध्वनियंत्रणेचाच भाग असतं. 1895 साली हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, काही समजायचं नाही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडून रेंगाळ मोजली, आणि पहाटेपर्यंत परत नेऊन ठेवल्या. किती मऊ पृष्ठभाग किती आवाज शोषतो याचं गणित त्यातून उभं राहिलं. गुळगुळीत टाइल्स, सरकती काच आणि कोऱ्या भिंती असलेला आपला फ्लॅटचा हॉल हे त्या व्याख्यानगृहाचं छोटं भावंड आहे. आम्ही जाड पडदे लावले, सोफ्यासमोर सोलापुरी सतरंजी अंथरली. टाळी वाजवली की पूर्वी जो टणत्कार यायचा, तो विरला.

डग्ग्यासाठी मात्र मोठी पेटी लागणारच होती. पण साधारण 80 ते 100 हर्ट्झच्या खालचे सूर बंद खोलीत नेमके कुठून येतात, हे कानाला नीट कळत नाही. 69 हर्ट्झची लहर पाच मीटर लांब असते. डाव्या-उजव्या कानातला वीतभर फरक तिच्यापुढे काहीच नाही. म्हणजे खर्जाची पेटी लपवता येते! आम्ही एक सबवूफर आणला, तो आधी सोफ्यावर माझ्या बसायच्या जागी ठेवला आणि डग्ग्याचा तुकडा लावून मी गुडघ्यांवर खोलीभर फिरलो. एका कोपऱ्यात घुमार नुसता फुगत होता, दारापाशी जवळजवळ नाहीसा होत होता. सोफ्यामागे, खिडकीपासून दोन हातांवर, तो स्वच्छ आणि गोल ऐकू आला. सबवूफर आता तिथेच आहे. पाहुण्यांना दिसतात ते दोन छोटे अक्रोडी स्पीकर, आणि समेवर पडलेला डग्गा त्यांच्यातूनच आल्यासारखा वाटतो.